श्रमदानावर चालणारी आगगाडी

इंग्लंडच्या पश्चिम अंगाला, समुद्राकडे पुढे आलेला एक डोंगराळ मुलूख आहे. त्याचे नाव वेल्स. आपल्याकडे सगळ्याच गोऱ्या माणसांना इंग्रज म्हणायची रीत आहे, पण वेल्समधल्या शेतकऱ्याला इंग्रज म्हटलेले फारसे रुचत नाही. त्याची भाषा निराळी, गाणी निराळी, देवळातली प्रार्थनाही त्याच्याच भाषेतली. जमीन हलकी, पाऊस भरपूर, डोंगरउतारावर गवत आणि गवतावर मेंढ्या. शेताला बांध म्हणून दगडावर दगड रचून घातलेले गडगे. कोकणातला किंवा मावळातला माणूस तिथे गेला तर थंडी सोडल्यास त्याला फार परके वाटू नये.

या वेल्सच्या किनाऱ्यावर टविन नावाचे लहानसे गाव आहे. नावाचा अर्थ वाळूची टेकाडे. या गावातून एक छोटी आगगाडी निघते आणि दरीदरीने डोंगरात शिरते. अंतर केवळ सव्वासात मैल, म्हणजे साडेअकरा किलोमीटरांहून थोडे जास्त. दोन रुळांमधले अंतर सव्वादोन फूट. आपली जुनी बार्शी लाइट आणि वऱ्हाडातली शकुंतला अडीच फुटांच्या होत्या, माथेरानची गाडी दोन फुटांची. तेव्हा केवढी गाडी ते आपल्या ध्यानात येईल. नाव टालिलिन रेल्वे. या नावात एक असा ‘ल’ आहे की तो आपल्या जिभेला वळत नाही, म्हणून जवळात जवळचा उच्चार लिहिला आहे. नावाचा अर्थ तळ्याचे टोक. गंमत म्हणजे ही गाडी त्या तळ्यापर्यंत कधीच गेली नाही.

एवढ्याशा गाडीची गोष्ट मुद्दाम सांगण्याचे कारण असे, की ती सरकार चालवीत नाही आणि कोणी शेठही चालवीत नाही. 1951 सालापासून ती हौशी माणसे श्रमदानाने चालवीत आली आहेत. मरणाला टेकलेली रेल्वे लोकांनी वर्गणी काढून, अंगमेहनत करून वाचविली, असे जगात प्रथम इथे घडले. आणि जी दोन इंजिने घेऊन ही गाडी 1860 च्या दशकात सुरू झाली ती दोन्ही आजही तिच्याच पदरी आहेत.

मुळात ही गाडी निघाली कशासाठी? ऐकून नवल वाटेल, पण त्याची एक मुळी आपल्या कापसाच्या शेतापर्यंत येते. 1861 साली अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण यांच्यात यादवी लागली. दक्षिणेतला कापूस बंदरातच अडकला. मँचेस्टरच्या आजूबाजूच्या सूतगिरण्या त्या कापसावर जगणाऱ्या. त्या धडाधड बंद पडू लागल्या. गिरणीवाल्यांच्या नजरा हिंदुस्थानकडे वळल्या. खानदेश, वऱ्हाड, गुजरात इथल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. मुंबईच्या व्यापाऱ्यांनी अमाप पैसा केला, शेतकऱ्याच्या हातातही चार दिवस नाणे खुळखुळले. 1865 मध्ये लढाई संपली, भाव कोसळला, आणि तेजीच्या दिवसांत काढलेले कर्ज मात्र तसेच राहिले. 1875 साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला सावकारांविरुद्ध दंगा उसळला, त्याच्या कारणांत या मंदीचीही गणना करतात. ही आपली बाजू झाली.

तिकडची बाजू अशी. मँचेस्टरमध्ये मॅकॉनेल नावाचे मोठे गिरणीमालक घराणे होते. कापूस नाही, गिरण्या थंड, तर पैसा दुसऱ्या कुठल्या धंद्यात घालावा या विचारात ते होते. वेल्सच्या डोंगरात ब्रिन एग्लुइस या ठिकाणी पाटीच्या दगडाची खाण होती. आपण शाळेत ज्या पाटीवर अक्षरे गिरविली तोच हा दगड. तिकडे त्याच्या पातळ चिपा काढून घरांवर कौलांसारख्या घालतात. खाणीतला माल तट्टांच्या पाठीवरून डोंगर ओलांडून खाडीपर्यंत न्यावा लागे. 1864 च्या सुमारास मॅकॉनेल मंडळींनी खाण खंडाने घेतली आणि माल आणण्यासाठी थेट टविनपर्यंत रूळ टाकले. आपल्या खापरपणजोबांच्या कापसाला भाव आला आणि तिकडे एक आगगाडी जन्माला आली, असे म्हटले तर फार चुकणार नाही.

इंजिने दोन. पहिले 1864 चे, नाव ‘टालिलिन’. दुसरे 1866 चे, नाव ‘डोलगॉख’. दोन्ही इंग्लंडच्या उत्तरेला व्हाइटहेवनजवळच्या फ्लेचर जेनिंग्ज यांच्या कारखान्यात घडविलेली. पहिल्या इंजिनाला मुळात चारच चाके होती आणि अंग पुढे-मागे लांब. त्यामुळे चालताना ते अडेल खोंडासारखे उड्या मारी. शेवटी ते कारखान्यात परत पाठवून मागे आणखी दोन चाके बसवून आणावे लागले.

आणखी एक घोळ झाला, तो तर फारच मजेदार आहे. गाडी तयार झाली आणि 1866 साली सरकारी तपासनीस पाहणीला आले. त्यांनी मोजमाप घेतले तेव्हा कळले की लाइनीवरचे पूल अरुंद बांधले गेले आहेत. डब्याचा दरवाजा उघडून कोणी बाहेर पडू म्हणेल तर पुलाच्या भिंतीत चेपायचा. आता पूल पाडायचे की काय? मंडळींनी सोपी युक्ती काढली. एका बाजूचे दरवाजे कायमचे बंद केले आणि पुलाखालचे रूळ त्या बाजूला सरकविले, म्हणजे उघड्या बाजूला माणसापुरती जागा राहिली. आज दीडशे वर्षांनंतरही या गाडीत चढायचे ते एकाच बाजूने.

जवळजवळ ऐंशी वर्षे गाडीने पाटीचा दगड वाहिला आणि जोडीला माणसेही नेली. ऐन भरात खाणीवर तीनशेच्या आसपास कामगार होते. पुढे मागणी घटली. मॅकॉनेलनी अंग काढून घेतल्यावर 1911 साली तिथले खासदार सर हेन्री हेडन जोन्स यांनी खाण आणि रेल्वे दोन्ही विकत घेतल्या. फायदा होता अशातला भाग नाही. पण खाण बंद पडली तर आबरगनॉल्विन हे सगळे गाव उपाशी पडले असते. 1946 च्या नाताळात खाणीचा भाग ढासळला आणि खाण कायमची बंद झाली. सर हेडन वृद्ध झाले होते. त्यांनी एवढेच सांगितले, की आपण जिवंत आहोत तोवर गाडी चालेल.

आणि ती चालली, कशीबशी. उन्हाळ्यात आठवड्यातून मोजकेच दिवस. ‘टालिलिन’ इंजिन तर आधीच निकामी होऊन शेडमध्ये पडले होते. सगळा भार एकट्या ‘डोलगॉख’वर. ते आजारी पडले की टविनच्या स्टेशनावर पाटी लागे: आज गाडी नाही. रुळांखालचे लाकडी स्लीपर कुजून माती झाले होते. रूळ जागेवर धरून ठेवायचे काम मुळ्या रोवून बसलेले गवत करीत होते, आणि हे मी अलंकारिक अर्थाने लिहीत नाही. इंजिन जाताना रूळ गवतात दिसेनासे होत. 1948 साली ब्रिटिश सरकारने रेल्वे ताब्यात घेतल्या, तेव्हा त्या यादीत या गाडीचे नावही आले नाही.

याच दिवसांत टॉम रोल्ट नावाचा एक लेखक इकडे लक्ष ठेवून होता. लेखक खरा, पण हाताने काम केलेला. तरुणपणी त्याने स्टोक गावच्या कर स्टुअर्ट या इंजिनांच्या कारखान्यात उमेदवारी केली होती, आणि इंग्लंडचे जुने कालवे बुजू नयेत म्हणून चळवळही उभारली होती. 1950 च्या जुलैमध्ये सर हेडन वारले. आता रूळ उखडून भंगारात जाणार हे उघड होते. 11 ऑक्टोबर 1950 रोजी बर्मिंगहॅम शहरात एका हॉटेलात सभा बोलाविली. सत्तरएक माणसे जमली. त्यांत कारखान्यातले कारागीर होते, कारकून होते, दुकानदार होते. वेल्सच्या त्या दरीत त्यांचे कोणी सोयरे नव्हते की जमीनजुमला नव्हता. तरी त्यांनी ठरविले की ही गाडी आपण चालवायची. सर हेडन यांच्या पत्नीने मोठ्या मनाने रेल्वेचे भाग त्यांच्या स्वाधीन केले.

सभेत हात वर करणे सोपे असते. गावच्या श्रमदानाचा ज्याला अनुभव आहे त्याला हे सांगायला नको. पहिल्या दिवशी पन्नास टिकाव, दुसऱ्या दिवशी वीस, आणि आठवड्याने सरपंच आणि दोन शिपाई. इथली अडचण तर त्याहून मोठी. माणसे राहणार शंभर मैलांवर, रजा मिळणार शनिवार-रविवारची, आणि गाडी चालवायची रोज. रोल्टने स्वतः व्यवस्थापकाची नोकरी पत्करली. इंजिनांची देखभाल करायला डेव्हिड कर्वेन हा यंत्रज्ञ आला. जुन्या कामगारांपैकी काही हाताशी राहिले. बाकी सगळा भरणा हौशींचा. रोल्ट मात्र भोळा नव्हता. फुकट काम करणाऱ्यालाही वेळ आणि हुकूम पाळावाच लागेल, नाहीतर रेल्वेत माणूस मरतो, हे तो पक्के ओळखून होता.

एकट्या ‘डोलगॉख’वर किती विसंबायचे? त्याचा बॉयलर बसला की खेळ संपला. म्हणून दुसरे इंजिन शोधणे आले, पण सव्वादोन फुटी गाडीचे इंजिन मिळणार कुठे? त्या मापाच्या रेल्वे जवळपास कुठे नव्हत्याच. मात्र डोंगरापलीकडे कॉरिस नावाची एक होती. ती 1948 मध्ये बंद पडली होती आणि तिची दोन इंजिने माखन्लेथ स्टेशनाच्या आवारात ताडपत्रीखाली उभी होती. मार्च 1951 मध्ये ती प्रत्येकी पंचवीस पौंडांना मिळाली. एकाला नाव दिले ‘सर हेडन’, दुसऱ्याला ‘एडवर्ड टॉमस’. हे टॉमस या रेल्वेचे जुने व्यवस्थापक. योगायोग पाहा, हे दुसरे इंजिन 1921 साली त्याच कर स्टुअर्ट कारखान्यात बनले होते, जिथे पुढे रोल्टने उमेदवारी केली.

14 मे 1951, सणाच्या सुट्टीचा सोमवार. टविनहून रीडरॉनेनपर्यंत पहिली गाडी सुटली. ओढायला अर्थात ‘डोलगॉख’. नव्याने आणलेले ‘सर हेडन’ रुळांवर घातले तर ते दर थोड्या अंतरावर घसरू लागले. कारण शोधले तेव्हा कळले की कुजक्या स्लीपरांमुळे रूळ एकमेकांपासून फाकले आहेत, आणि कॉरिसच्या इंजिनांच्या चाकांची पट्टी अंमळ अरुंद आहे. त्यामुळे चाक रुळावरून सरकून आतल्या बाजूला पडे. जुन्या दोन इंजिनांची चाके रुंद, म्हणून ती त्याच रुळांवर निभावून नेत. तेव्हा इंजिन दुरुस्त करण्याआधी रस्ता दुरुस्त करणे भाग होते. पुढली कित्येक वर्षे हौशी मंडळी पावसात गुडघे टेकून स्लीपर बदलीत राहिली. या कामाचे फोटो कोणी हौसेने काढीत नाही. इंजिनावर उभे राहायला सगळे तयार असतात. खडी फोडायला आणि गटार उपसायला जो येतो तो खरा. त्या पहिल्या हंगामाचा जवळजवळ सगळा भार पंचाऐंशी वर्षांच्या ‘डोलगॉख’ने ओढला.

मग एकेक इंजिनाची पाळी आली. ‘एडवर्ड टॉमस’ला लीड्सच्या हन्सलेट कंपनीने फुकट दुरुस्त करून दिले, कंपनीचे प्रमुख स्वतःच या मंडळाचे सभासद होते. 1952 मध्ये ते कामाला लागले आणि म्हाताऱ्या ‘डोलगॉख’ला उसंत मिळाली. पुढे ‘डोलगॉख’ही पुरते खोलले गेले आणि 1963 मध्ये नवा बॉयलर घेऊन परतले. शेडमध्ये पडलेल्या ‘टालिलिन’ची तर कोणी आशाच धरली नव्हती. त्याचा बॉयलर गेला होता, पाण्याची टाकी गेली होती. ते बर्मिंगहॅमच्या पश्चिमेला असलेल्या ब्रायर्ली हिलच्या एका कारखान्यात नेऊन नव्याने उभे केले आणि 1958 साली ते पुन्हा रुळांवर आले.

इथे एक शंका निघते आणि ती तिकडेही निघत असते. बॉयलर नवा, टाकी नवी, कितीतरी सांधे नवे; मग हे जुने इंजिन कसले? कुऱ्हाडीचा दांडा चार वेळा बदलला आणि पातेही एकदा बदलले, तरी आपण तिला आजोबांची कुऱ्हाड म्हणतो, तसेच हे. माझे मत विचाराल तर काचेच्या कपाटात ठेवलेल्या जुन्या लोखंडापेक्षा भाग बदलून चालते राहिलेले इंजिन मला जास्त खरे वाटते. बैलगाडी अंगणात शोभेला ठेवली की ती गाडी राहत नाही. ज्यांना मूळ तुकडाच पाहिजे असतो त्यांचेही खोटे नाही म्हणा. म्हणून काढलेले महत्त्वाचे भाग जपून ठेवण्याची चालही अशा ठिकाणी असते.

वाफेच्या इंजिनाची दुरुस्ती म्हणजे काय, हे थोडे सांगायला हवे. टविन गावातच पेंड्रे नावाच्या जागी यांचे शेड आणि कारखाना आहे. इंजिनाचे काळीज म्हणजे बॉयलर. गुऱ्हाळात चुलवाणावर काहील असते; इथे काहील बंद करून तिच्या पोटातून आरपार लोखंडी नळ्या काढल्या आहेत असे समजा. भट्टीतला जाळ आणि धूर या नळ्यांतून जातो, भोवतीचे पाणी उकळते, वाफ कोंडते. ही कोंडलेली वाफ दट्ट्याला ढकलते आणि दट्ट्या चाक फिरवितो. सगळा धोका या कोंडलेल्या वाफेत. म्हणून साधारण दर दहा वर्षांनी इंजिन पुरते खोलतात, नळ्या उपसून काढतात, आतला क्षार खरवडतात आणि पत्रा कुठे झिजला ते ठोकून आणि मोजून पाहतात. मग बॉयलर पाण्याने गच्च भरून, रोजच्या वाफेपेक्षा जास्त दाब देऊन तपासतात. पाणी का, तर पाणी दाबले तरी फारसे आकसत नाही. बॉयलर कुठे फुटला तर नुसती पिचकारी उडते. तिथे वाफ असती तर तपासणाराच उडाला असता. तपासनीस बाहेरचा असतो. तो हौशी-बिनहौशी पाहत नाही.

चाकांची दुरुस्ती तर आपल्या लोहाराला बघताक्षणी कळेल. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव बसविताना लोहार काय करतो? धाव चाकापेक्षा किंचित लहान ठेवतो, गोवऱ्यांच्या जाळात लाल करून फुगवितो, चाकावर चढवितो आणि पाणी ओततो. चर्र आवाज होऊन धाव आवळून बसते. इंजिनाच्या चाकावरही पोलादी धाव अशीच तापवून चढवितात. रूळ घासून घासून ती झिजते, तेव्हा तेवढीच बदलायची. मँचेस्टर असो की मंगळवेढा, लोखंडाचा धर्म एकच.

अशा कामाला जे येतात त्यांत निवृत्त मास्तर असतात, दवाखान्यात काम करणारे असतात, कॉलेजातली मुले-मुली असतात. आल्या आल्या कोणाला इंजिन हाती देत नाहीत. सुरुवात चिंधी आणि तेलाने पुसण्यापासून. पुसता पुसता प्रत्येक सांधा, प्रत्येक बोल्ट ओळखीचा होतो. तीच खरी शाळा. मग फायरमन आणि कितीतरी वर्षांनी ड्रायव्हर. पहाटे येऊन आदल्या दिवसाची राख उपसायची, बॉयलरमध्ये पाणी किती ते काचेच्या नळीत पाहायचे आणि मग बेताने जाळ घालायचा. एकदम जाळ केला तर लोखंड कुठे कमी कुठे जास्त फुगून तडकते. म्हणून वाफ धरायला काही तास लागतात. पाणी कमी पडले तर? भट्टीच्या माथ्यावर शिशाचे बूच असते. पाणी खाली गेले की ते वितळते आणि वाफ भट्टीत शिरून धोक्याची वर्दी देते. पण शिसे वितळविणाऱ्या फायरमनकडे इतर कोणत्या नजरेने पाहत असतील याची कल्पना करावी.

आता गाडीत बसू. टविन सोडले की दोन्ही बाजूंना कुरणे. मेंढ्या मान वर करूनही पाहत नाहीत; पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी हा धूर पाहिला आहे. पहिले मोठे स्टेशन रीडरॉनेन, म्हणजे ॲश झाडापाशी नदीचा उतार. पुढे ब्रिनग्लास, हिरवी टेकडी. गावांची नावे अशीच, आपल्या वडगाव-पिंपळगावासारखी, झाड, पाणी आणि टेकडीवरून पडलेली. डाव्या हाताला दरीपलीकडे पक्ष्यांचा कडा म्हणून एक उंच सुळका आहे; समुद्र एवढा दूर असूनही पाणकावळे तिथे घरटी करतात. मग गाडी झाडीत शिरते आणि विटांच्या तीन कमानींच्या, पन्नास फूट उंच पुलावरून ओढा ओलांडते. हे डोलगॉख. अर्थ तांबडे कुरण. इथे इंजिन पाणी पिते आणि उतारू जवळचा धबधबा पाहून येतात. पाऊस पडत असेल तर धबधबा चांगला दिसतो, आणि वेल्समध्ये पाऊस पडत असतोच.

पुढे आबरगनॉल्विन. खाणकामगारांसाठी मॅकॉनेल मंडळींनी वसविलेले गाव, पाटीच्या दगडाची घरे, पाटीच्याच दगडाची छपरे. जुनी प्रवासी गाडी इथेच थांबे. त्यापुढचा खाणीच्या पायथ्यापर्यंतचा तुकडा फक्त मालाचा होता. हौशी मंडळींनी खडक फोडून तो माणसांच्या गाडीजोगा केला आणि 1976 साली नान्ट ग्वेर्नॉल हे शेवटचे स्टेशन उघडले. तिथे मोटाररस्ता नाही. एकतर गाडीने या नाहीतर पायी. वर झाडीत खाणीकडे जाणारी जुनी उतरंड आहे. भरलेल्या वाघिणी तारेने बांधून खाली सोडायच्या आणि त्यांच्या वजनाने रिकाम्या वर चढायच्या, अशी ती सोय होती. इंजिन नको, बैल नको.

तिथे उभे राहिले की एक गोष्ट मनात आल्यावाचून राहत नाही. गाडी वाचली, खाण वाचली नाही. ज्या माणसांनी फुफ्फुसात पाटीची धूळ घेतली त्यांच्या मुलांना दुसरीकडे पोट भरावे लागले. गाडी वाचविणारे बहुतेक बाहेरून आले, इंग्रजी बोलणारे. कामगारांची भाकर आणि सुट्टीवाल्यांची हौस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तरीही गाडीबरोबर पाहुणे येतात, टविनची खानावळ आणि दुकान चालते, आणि खाणीची हकीकत सांगायला एक चालते-बोलते साधन उरते, हेही तितकेच खरे. 2021 साली युनेस्कोने वायव्य वेल्समधल्या पाटीच्या खाणींच्या परिसराला जागतिक वारशाचा मान दिला, त्यात ब्रिन एग्लुइसची खाण, हे गाव आणि ही रेल्वेही आहे.

मुलांना सांगण्याजोगी एक गोष्ट राहिली. टीव्हीवर तोंड असलेले निळे इंजिन थॉमस आपल्या पोरांनीही पाहिले आहे. त्या गोष्टी लिहिणारे पाद्री ऑड्री 1952 साली इथे गार्ड म्हणून श्रमदान करायला आले होते. एकदा त्यांनी शिट्टी दिली आणि गाडी चहाफराळ विकणाऱ्या बाईंना स्टेशनावरच सोडून निघून गेली! तो प्रसंग त्यांनी पुढे गोष्टीत घातला. त्यांच्या पुस्तकांतले स्कारलोई म्हणजे आपले ‘टालिलिन’ आणि रेनिअस म्हणजे ‘डोलगॉख’.

आपल्याकडची आठवण निघणे साहजिक आहे. 1897 साली सुरू झालेल्या बार्शी लाइटने किती वारकरी पंढरीला नेले त्याला गणती नाही. आता तिथे मोठी लाइन आहे आणि लोकांची सोय झाली, हे चांगलेच झाले. शकुंतलेला ओढणारे मँचेस्टरचे 1921 चे इंजिन 1994 पर्यंत यवतमाळच्या कापसाच्या रानातून धावत होते. माथेरानच्या चार जुन्या इंजिनांपैकी 740 नंबरचे इंजिन तर फिरत फिरत इंग्लंडमध्ये लेटन बझर्डच्या हौशी मंडळींच्या छोट्या रेल्वेपर्यंत जाऊन पोहोचले. नेरळच्या घाटात वाढलेल्या इंजिनाची झिलई तिकडची माणसे करतात. राग मानावा की समाधान, हे ज्याचे त्याने ठरवावे. मला दोन्ही वाटते.

टविनच्या मंडळींपुढेही आता नवा पेच आहे, तो कोळशाचा. वेल्सचा कोळसा एके काळी जगात नावाजलेला. जहाजे तो भरून निघत. 2023 अखेर तिथली शेवटची मोठी उघडी खाण बंद झाली. आता कोळसा परदेशातून आणायचा, तो महाग. नाहीतर भुकटी आणि लाकडी भुसा यांच्या गोवरीसारख्या वड्या करून जाळून पाहायच्या. अशा वड्यांचे प्रयोग तिकडच्या निरनिराळ्या जुन्या रेल्वेंवर चालू आहेत. वडी विझत नाही ना, राख किती पडते, चढावर वाफ टिकते की नाही, हे सगळे आता फायरमननाच शिकायचे आहे. शेगडीत दगडी कोळसा सोडून एकदम लाकूड घातले की आपल्या घरातली बाई काय म्हणते ते आपण जाणतोच, इंजिनाचेही तसेच.

संध्याकाळी शेवटची गाडी परतली की उतारू निघून जातात. पेंड्रेच्या शेडमध्ये मात्र काम उरलेले असते. डबे लावून ठेवायचे, सांध्यांवर हात फिरवून कुठे जास्त तापले ते पाहायचे आणि काय बिघडले ते वहीत लिहायचे. मग फायरमन लांब सळईने भट्टीतला निखारा ओढून काढतो, बॉयलर काठोकाठ भरतो आणि रात्रभर सावकाश निवायला इंजिन सोडून देतो. सकाळच्या पाळीला ज्याचे नाव लागले असेल त्याने पहाटे यायचे आहे.